दमदम गोळी : टोकाचा आकार आणि युद्धनीती

ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ०.३०३ इंची रायफल स्वीकारली. तिच्या गोळीचा शिशाचा गाभा तांबे-निकेलच्या कवचाने मढवलेला असे. ही गोळी शरीरातून आरपार जाते व जखमी शत्रू थांबत नाही, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर झाली. तेव्हा कलकत्त्यानजीकच्या दमदम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकावरचे कवच आखूड करून शिसे किंचित उघडे ठेवले. आघाताबरोबर टोक पसरे व जखम रुंदावे.

बदल किरकोळ, परंतु निर्दोष नव्हे. कवच बुडाशी मुळातच उघडे असल्याने ते आता दोन्ही बाजूंनी उघडे झाले. गाभा निसटून कवच नळीतच अडकण्याचा, म्हणजे पुढच्या बारास नळी फुटण्याचा धोका त्यात होता. साध्या गोळीचे टोक कानसीने घासणाऱ्या सैनिकानेही हाच धोका ओढवून घेतला असता.

१८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली. विरोधी प्रचाराला ट्यूबिंगेनच्या प्रा. ब्रुन्स यांच्या प्रयोगांचा आधार होता. मात्र त्यांनी वापरलेल्या गोळ्या शिकारीच्या होत्या, त्यांचे शिसे दमदमपेक्षा पुष्कळ अधिक उघडे होते. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन अर्डाघ यांचा युक्तिवाद त्याहून बोलका आहे : सुसंस्कृत सैनिक जखमी होताच थांबतो, ‘रानटी’ थांबत नाही. शास्त्रीय चर्चेआडचा वांशिक भेद येथे उघड होतो. ब्रिटनने घोषणा मान्य केली ती १९०७ मध्ये.