आधी, सोबत की नंतर?

"काका, ४२ दिवस उलटून गेले. आता ते इंजेक्शन देऊन उपयोग नाही म्हणे!"

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. माझ्या धाकट्या भावाला फुफ्फुसाचा कर्करोग आहे. तिसरा टप्पा, शस्त्रक्रिया न होण्यासारखा. केमो आणि रेडिएशन (आमच्या बीडकडे बरेच जण याला शेक म्हणतात) दोन्ही संपले. पुढे इम्युनोथेरपी सुरू करायची होती, पण स्कॅन आणि पैशांची जुळवाजुळव यात दिवस निघून गेले. जन्मभर मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतलेला मी मास्तर. म्हटलं, हे ४२ आले कुठून ते तरी बघू.

तर मंडळी, या आजाराच्या उपचारांचा इतिहास हा "कोणतं औषध" याच्याइतकाच "केव्हा" याचाही इतिहास आहे. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. त्यानंतरही कित्येक दशकं अशा रुग्णांना मुख्य आधार रेडिएशनचाच होता. १९९० साली अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं, की आधी केमो देऊन मग रेडिएशन दिलं तर माणसं जास्त जगतात. १९९९ साली जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की एकामागून एक देण्यापेक्षा दोन्ही सोबत दिलेलं बरं. मग जवळजवळ १८ वर्षं गाडी तिथेच अडली.

२०१७ साली 'पॅसिफिक' या चाचणीचे निष्कर्ष आले. कर्करोग आपल्या रोगप्रतिकारक पेशींना जो ब्रेक लावतो, तो सोडवणारं ड्युर्वालुमॅब हे औषध केमो-रेडिएशननंतर वर्षभर दिलं. एकूण ७१३ रुग्ण. नियम असा, की रेडिएशन संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत चाचणीत यायचं. ५ वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ३३ टक्के. १४ दिवसांच्या आत आलेल्यांना फायदा जास्त दिसला. पण इतक्या लवकर सुरू करू शकणारे मुळातच धडधाकट असतील, हेही ध्यानात घ्यावं लागतं.

मग नंतर कशाला, सोबतच दिलं तर? तेही करून पाहिलं. २०२४ साली निकाल आला: सोबत देऊन फायदा नाही. केमोला जे लागू पडलं ते इथे पडलं नाही.

म्हणजे ४२ ही चाचणीची अट होती, औषध संपण्याची तारीख नव्हे! चाचणीबाहेरच्या रुग्णांची 'पॅसिफिक-आर' ही पाहणी नंतर झाली. त्यात निम्म्या रुग्णांची सुरुवात ५६ दिवसांनंतर झालेली होती, तरी निकाल चांगले आले. शिवाय रेडिएशनमुळे फुफ्फुसाला सूज आली असेल तर ती उतरेपर्यंत थांबावंच लागतं.

अर्थात म्हणून निवांत बसावं असं नाही. आमच्याकडचा माणूस बार्शीला, संभाजीनगरला, नाहीतर थेट मुंबईला जातो. एकेका खेपेत आठवडा जातो. त्यात औषध लाखांच्या घरातलं. टाटाच्या डॉक्टरांनी २०२२ साली तोंड-घशाच्या कर्करोगात अशाच जातीचं एक औषध अगदी थोड्या मात्रेत देऊन चांगला परिणाम दाखवला. पण भावाच्या आजाराला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तेव्हा शेक चालू असतानाच पुढच्या स्कॅनची तारीख, पैशांची सोय आणि गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी उरकून घ्यावी. काहींच्या गाठीत ईजीएफआर नावाचा बदल सापडतो. त्यांना हे इंजेक्शन फारसं लागू पडत नाही, वेगळ्या गोळ्या असतात. हे आम्हाला आधी कळलं असतं तर!

पुतण्याला एवढंच म्हटलं, "ऐकीव गोष्टीवर जाऊ नकोस. डॉक्टरांनाच विचार, अजून देता येईल का?"

त्याने विचारलं. तपासणीत तो बदल नाही, सूज नाही, रोग वाढलेला नाही. सोमवारी पहिलं इंजेक्शन आहे. दिवस ५१वा.

नेहमी तारखा मी पाठ करून घ्यायचो. ही माझी मलाच पाठ झाली आहे. असो.