नखांवरील नक्षी घरच्या घरी : साहित्य, कृती आणि दक्षता

नखावर रंग चढवून नक्षी काढण्यास तास-दीड तास पुरतो. चुकीच्या हाताळणीने खराब झालेले नख पूर्ववत होण्यास मात्र सुमारे सहा महिने जातात. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते आणि बुडापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे येण्यास त्याला तेवढा अवधी लागतो. पायाच्या अंगठ्याचे नख तर वर्ष-दीड वर्ष घेते. चवथ, शिगमो किंवा लग्नसराई जवळ आली की घरोघरी नेलपॉलिशच्या बाटल्या बाहेर निघतात; अलीकडे त्यांत ऑनलाइन मागवलेल्या जेलच्या संचांची भर पडली आहे. नखांवरील नक्षी घरी सहज साधणारी आहे. मात्र कोणती गोष्ट घरी करावी आणि कोणती करू नये, याचे भान ठेवणे अगत्याचे ठरते.

मेंदीपासून नेलपॉलिशपर्यंत

नखे रंगवण्याची हौस आपल्याकडे जुनीच. मेंदीचा रंग नखातील केरॅटिन या प्रथिनाशी जोडला जातो, त्यामुळे तो धुऊन जात नाही. नख वाढेल तसा पुढे सरकतो. मेंदीला रंग देणारे लॉसोन हे द्रव्य तेरड्यातही आढळते. कोरियात तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर ठेचून नखांवर बांधण्याची प्रथा आहे आणि हा रंग पहिल्या हिमवर्षावापर्यंत टिकला तर पहिले प्रेम सफल होते, असा तेथील समज आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही आपली म्हण फुलाला लागू असली, तरी नखाला ती लागू पडत नाही.

आजचे नेलपॉलिश वेगळ्या तत्त्वावर चालते. त्यात नायट्रोसेल्युलोज हा पापुद्रा धरणारा पदार्थ, रंगकण आणि एथिल ॲसिटेटसारखे लवकर उडून जाणारे द्रावक असतात. द्रावक उडून गेला की नखावर रंगाचा पापुद्रा उरतो. अपारदर्शक रंगांच्या अशा नेलपॉलिशवरच 1932 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘रेव्हलॉन’ची उभारणी झाली. हे तत्त्व ध्यानात ठेवले की पुढील बहुतेक सूचनांचे कारण आपोआप उलगडते.

साहित्य

बेस कोट, टॉप कोट, दोन-तीन रंगांचे नेलपॉलिश, रिमूव्हर, कापूस, कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या आणि बारीक दाण्याची नेल फाइल एवढे पुरेसे आहे. ठिपक्यांसाठी वेगळे उपकरण घेण्याची गरज नाही. केसांच्या पिनेचे गोल टोक मोठा ठिपका देते, टूथपिक लहान. बारीक रेघांसाठी चित्रकलेचा शून्य क्रमांकाचा कुंचला घ्यावा. छटा मिसळण्यासाठी स्पंजचा लहान तुकडा लागतो. नवशिक्यांनी नक्षीपुरते ॲक्रिलिक चित्ररंग वापरल्यास सोयीचे पडते. नेलपॉलिशच्या सुकलेल्या थरावर काढलेली त्यांची रेघ चुकली, तर ओली असतानाच पाण्याने पुसता येते; खालचा रंग बिघडत नाही. हे रंग थेट नखावर मात्र लावू नयेत.

पूर्वतयारी

जुना रंग काढून नखे एकाच दिशेने घासावीत. मागेपुढे घासल्याने टोकाचे पापुद्रे सुटतात. नखाच्या बुडाची कातडी कापू नये. ती नख आणि त्वचा यांमधील फट बंद ठेवते. ती कापली की जंतूंना वाट मिळते आणि नखुरडे होण्याची शक्यता वाढते. अंघोळीनंतर ती मऊ झाली असता हलकेच मागे सारणे पुरेसे आहे.

भांडी घासून, मासळी साफ करून किंवा हात भिजवून लगेच रंग लावायला बसू नये. नख पाणी शोषून किंचित फुगते आणि सुकताना आक्रसते. फुगलेल्या नखावर बसवलेला रंग मग लवकर कपचे धरतो. थोडा वेळ जाऊ द्यावा आणि रंग लावण्यापूर्वी रिमूव्हरने भिजवलेला कापूस एकदा नखावरून फिरवून तेलकटपणा काढावा.

रंगाचे थर

बाटली हलवू नये, त्याने बुडबुडे येतात. दोन्ही तळव्यांत धरून फिरवावी. प्रथम बेस कोट लावावा. गडद लाल किंवा निळ्या रंगाने नख पिवळे पडते ते याच थराने टळते. त्यानंतर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत: पहिला ओढा मध्यभागी, मग दोन्ही बाजूंना. दोन हातांमध्ये तीन-चार मिनिटे थांबावे. एकच जाड थर दिल्यास वरचा पृष्ठभाग सुकतो, आतला द्रावक अडकतो आणि तासाभरानंतरही चादरीचे ठसे उमटतात. बोटांना लागलेला रंग रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या काडीने पुसावा.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी आधी उजवा हात रंगवून घ्यावा. अवघड काम हात ताजा असताना उरकते. दोन्ही मनगटे टेबलावर टेकवली की थरथर कमी होते.

चार सोप्या नक्षी

ठिपके : ठिपक्यांची रांगोळी ज्या हाताला सवयीची, त्याला ही नक्षी परकी नाही. पॉलिशचा थेंब प्लास्टिकच्या तुकड्यावर घ्यावा, पिनेचे टोक त्यात बुडवून नखावर सरळ टेकवावे आणि सरळ उचलावे. प्रत्येक बुडवणीबरोबर ठिपका लहान होत जातो; याचाच उपयोग करून मोठ्याकडून लहानाकडे जाणारी ओळ काढता येते. पाच ठिपके गोलात आणि एक मध्ये, असे फूल तयार होते.

स्पंजची छटा : फिकट रंगाचा थर सुकल्यावर स्पंजच्या तुकड्यावर दोन रंगांचे पट्टे शेजारी-शेजारी लावावेत आणि तो नखावर हलकेच टिपत जावे. घासू नये. टॉप कोट दिल्यावर खरबरीतपणा निघून जातो.

कुणबी चौकटी : गोव्याच्या कुणबी साडीचा लाल रंग आणि पांढऱ्या चौकटी नखासाठी जणू मापाने घेतल्यासारख्या आहेत. ही साडी दिवंगत वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा प्रकाशात आणली. लाल रंगाचे दोन हात देऊन किमान तासभर सुकू द्यावे. मग बारीक कुंचल्याने पांढरी उभी रेघ मध्यभागी, दोन बाजूंना दोन आणि शेवटी आडव्या रेघा काढाव्यात. दहाही नखांवर चौकटी काढू नयेत. अनामिकेवर काढून बाकी नखे सपाट लाल ठेवली तरच ती उठून दिसते.

निळी फरशी : पणजीतील फोंतेन्हासच्या घरांवर दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशीवरून ही नक्षी घेता येते. पांढऱ्या थरावर गडद निळ्या ॲक्रिलिकने मध्यभागी चार पाकळ्या आणि चारही कोपऱ्यांत पाव गोल काढावेत. हात वळला नसेल तर आधी कागदावर नखाएवढ्या चौकोनात सराव करावा.

नक्षी सुकल्यावर, साधारण पंधरा मिनिटांनी, टॉप कोट द्यावा. कुंचला नखावर घासू नये, अन्यथा नक्षी फिसकटते. नखाच्या टोकाच्या कडेलाही हा थर पोहोचला पाहिजे. रंग सुटण्यास प्रारंभ तेथूनच होतो.

जेलचा मोह

जेल पॉलिश हवेने सुकत नाही. त्यातील ॲक्रिलेट वर्गातील द्रव्ये अतिनील किंवा एलईडी दिव्याखाली एकमेकांशी जोडली जाऊन कठीण होतात. दिवा त्या जेलसाठी योग्य नसेल, थर जाड असेल किंवा वेळ अपुरा पडला, तर वरून कठीण दिसणाऱ्या थरात न जोडलेली द्रव्ये उरतात. ती कातडीला वारंवार लागल्यास ॲलर्जी जडू शकते: बोटांना खाज, भेगा, नख सुटणे, कधी पापण्यांवर पुरळ. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये घरगुती जेल संचांबाबत इशारा दिला तो याच कारणाने. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते आणि त्याच वर्गातील द्रव्ये दातांच्या भरणात व सांधेरोपणाच्या सिमेंटमध्येही वापरली जातात. म्हणजे विशीत नखांपायी जडलेली ॲलर्जी साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवेळी आड येऊ शकते.

युरोपीय संघाने जेलमधील हेमा हे द्रव्य केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरते मर्यादित केले आहे आणि टीपीओ या द्रव्यावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली आहे. घरासाठी साधे नेलपॉलिशच योग्य, असे म्हणण्यामागे हे कारण आहे. जेल हवेच असेल तर ते प्रशिक्षित हातांकडूनच लावून घ्यावे आणि त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. वर आलेला कपचा ओढून काढल्यास त्याबरोबर नखाचे थरही निघून येतात.

काढणे आणि इतर पथ्ये

रिमूव्हरने भिजवलेला कापूस नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावा आणि टोकाच्या दिशेने पुसावा. चमकीचा रंग असल्यास कापसावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून पाच मिनिटे थांबावे, खरवडू नये. नंतर हात धुऊन खोबरेल तेल चोळावे.

ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते. गॅस, समई, निरांजन किंवा उदबत्ती पेटलेल्या खोलीत रिमूव्हर व नेलपॉलिश उघडू नये. सणाच्या घरात हे प्रथम पाहावे. खिडकी उघडी असावी आणि बाटल्या मुलांच्या हाती लागू नयेत. कृत्रिम नखांचा गोंद सुती कपड्यावर सांडल्यास तापून चटका देतो, हेही ध्यानात असावे.

नखे ‘श्वास घेतात’ हा समज चुकीचा आहे. त्यांचे पोषण रक्तातून होते. तथापि एकच रंग आठवड्याहून अधिक ठेवल्यास पृष्ठभागावर पांढरट खरखरीत डाग पडू शकतात, म्हणून मध्ये काही दिवस नखे मोकळी ठेवावीत. शस्त्रक्रियेपूर्वी रंग काढावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या नोंदीत गडद रंग अडथळा आणू शकतो. नख जाड, पिवळे किंवा ठिसूळ झाले असेल, बुडाशी सूज असेल किंवा नखात नवी काळपट उभी रेघ दिसली, तर त्यावर रंग चढवून ते झाकू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. नक्षी पुढच्या सणालाही काढता येईल.