यंत्रांतील स्वर आणि संगणकांतील स्वर

घरींच संगीतरचना करणारांत एक वाद नेहमीं चालतो: सिंथेसायझर हातांत धरण्याजोगें यंत्र असावें कीं संगणकांतील सॉफ्टवेअर असावें? एका लहानशा यंत्राचा इतिहास पाहिला असतां या वादाचें मर्म ध्यानांत येतें.

जपानच्या रोलंड कंपनीनें १९८१ सालीं टीबी-३०३ हें यंत्र काढलें. एकट्यानें गिटार वाजविणारास खर्जाची साथ मिळावी, हा त्याचा हेतु. तो साधला नाहीं, व १९८४ मध्यें उत्पादन थांबलें. तथापि मुंबईच्या चरणजित सिंग यांनीं १९८२ सालींच त्याच्या साह्यानें दहा राग ध्वनिमुद्रित केले होते. पुढें शिकागोच्या तरुणांनीं तें जुन्या बाजारांत स्वस्तांत घेतलें. वाजत असतांनाच त्याचीं बटणें फिरवून त्यांनीं १९८७ मध्यें ‘ॲसिड हाउस’ हें नृत्यसंगीत लोकांपुढें आणलें. मग तेंच टाकाऊ यंत्र दुर्मिळ व महाग झालें.

१९९७ सालीं स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीनें ‘रीबर्थ’ या प्रोग्रॅममध्यें त्याची नक्कल उतरविली, आणि तो स्वर सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत आला. परंतु २००५ मध्यें तो प्रोग्रॅम बंद झाला. नंतरची आयपॅडवरील आवृत्तिही रोलंडनें हक्काचा आक्षेप घेतल्यामुळें २०१७ सालीं मागें घ्यावी लागली. मूळ यंत्रें मात्र दुरुस्त होऊन अद्याप वाजतात.

एवढ्यावरून सॉफ्टवेअर त्याज्य ठरत नाहीं. गरिबाला तेंच परवडतें. मात्र त्यावर रचना करणारानें आपलें गाणें वेळींच ध्वनिमुद्रित करून ठेवावें. प्रोग्रॅम गेला तरी गाणें जातां कामा नये.