शेवाळ नसलेले शेवाळ

पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यालयात कधी कधी वाळूवर आणि पानांवर निळसर-हिरवा, बुळबुळीत, कुबट वासाचा पापुद्रा चढतो. सोलला तर सायीसारखा अखंड निघतो, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा जागेवर येतो. त्याला आपण नील-हरित शेवाळ म्हणतो. हे नाव चुकीचे आहे. आणि नावाच्या चुकीने उपाय कसा चुकतो, याचे हे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांनाही परके वाटू नये, असे आम्हांस वाटते.

१८४९मध्ये लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने बारा गॅलनच्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशांनी तिला कर्बवायू, असा हिशेब. पण जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर धरला. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी ती घाण खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, पाणी निवळले. १८५०मध्ये त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. १८५४च्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने ही हौस घरोघरी नेली. तिच्याबरोबर ‘समतोल’ हे रूपकही गेले. घाण दिसली की तिचा खाणारा शोधावा, ही समजूत त्या रूपकाच्याच पोटातली.

मात्र आपल्या निळसर पापुद्र्याला बहुतेक गोगलगायी तोंड लावीत नाहीत. कारण ते शेवाळच नव्हे. त्याच्या पेशीत केंद्रक नाही. तो जिवाणू आहे. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने एकोणिसाव्या शतकातच त्याला जिवाणूंच्या पंक्तीस बसवले होते, पण वनस्पतिशास्त्राने आपला हक्क सोडला नाही. १९७०च्या दशकात रॉजर स्टेनियरने तो वाद नेटाने पुढे नेला, आणि ‘सायनोबॅक्टेरिया’ हे नाव रूढ झाले.

जिवाणू म्हटल्यावर हौशी लोक टाकीत एरिथ्रोमायसिन घालू लागले. पापुद्रा मरतो, हे खरे. पण शोभेच्या टाकीसाठी माणसाचे औषध वापरून पुढे ते पाणी गटारात सोडावे, हे आम्हांला पटत नाही. औषधाला न जुमानणारे जिवाणू असेच पोसले जातात. त्यापेक्षा पापुद्रा नळीने ओढून काढावा, गाळ उपसावा, टाकी तीन-चार दिवस कापडाने पूर्ण झाकून अंधारात ठेवावी, हवेचा पंप चालू असू द्यावा, आणि नंतर बरेचसे पाणी बदलावे. साठवलेल्या अन्नावर वनस्पती तेवढे दिवस काढतात. पाणी कुठे साचून राहत असेल तर तिथे प्रवाह पोचवावा, नाहीतर तो परत येतो.

भातखाचरात मात्र हाच जीव खत म्हणून मुद्दाम सोडतात. तो हवेतला नत्र जमिनीत आणतो, हे पी. के. डे यांनी १९३९मध्ये दाखवले. आणि वॉरिंग्टनच्या व्हॅलिस्नेरियाच्या पानांत प्राणवायू तयार करणारे जे हरितकण होते, ते अब्जावधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिलेल्या अशाच एका जिवाणूचे वंशज.