कोंडमारा पुराव्यात कसा शोधायचा? रखमाबाईंच्या खटल्यातून काही धडे

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "मला बालपणाच्या इतिहासावर काम करायचंय, वाढत्या वयातल्या घुसमटीवर करायचंय. पण भावनांचा पुरावा कुठे मिळतो?" आणि लगेच पुढचं वाक्य: "गाईड म्हणतात, हा विषय साहित्याचा आहे, इतिहासाचा नाही."

माझं मत वेगळं आहे. घुसमट दप्तरात सापडते, पण त्या नावाने सापडत नाही. ती दाव्याच्या कागदात असते, वर्तमानपत्राला आलेल्या निनावी पत्रात असते, कधी कायद्याच्या कलमातही असते. आज आपल्याच मुंबईतलं एक गाजलेलं प्रकरण घेऊ: दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. भर द्यायचाय तो पुरावा वाचण्यावर.

आधी घटनाक्रम

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई जेमतेम सतरा वर्षांच्या असताना विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. जात सुतार, त्यामुळे पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. सखाराम अर्जुन म्हणजे साधं नाव नव्हे. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. त्या आठांत भारतीय दोनच होते. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक.

इतक्या सुधारलेल्या घरातही मुलीचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. नवरा दादाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. ठरलं असं होतं की तो याच घरात राहील आणि शिकेल. तो शिकला नाही, मामाकडे राहायला गेला. रखमाबाई वयात आल्यावर गर्भाधानाचा आग्रह सुरू झाला, पण डॉक्टर असलेल्या सावत्र वडिलांनी इतक्या लहान वयात त्याला नकार दिला. त्या माहेरीच राहिल्या. शाळा लग्नाबरोबर सुटली होती. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून घरी वाचन चालू राहिलं.

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलाची नोटीस आली, पाठोपाठ दावा. २१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. मार्च १८८६ मध्ये अपिलात सर्जंट आणि बेली यांनी तो फिरवला आणि दावा पुन्हा सुनावणीसाठी पाठवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंचं उत्तर होतं की तुरुंगात जाईन. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या.

इथपर्यंत माहिती झाली. संशोधन इथून पुढे सुरू होतं.

पहिला पुरावा: कोर्टाची भाषा

निकाल 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेत आहेत, खंड ९ आणि १०. ते मुळातून वाचा. वाचताना पहिली गोष्ट अशी खटकते की ज्याला आपण कोंडमारा म्हणतो, त्याला तिथे जवळजवळ जागाच नाही. रखमाबाईंच्या कैफियतीत लग्नाच्या वेळी समजतं वय नव्हतं हा मुद्दा आहे. पण नकाराची कारणं म्हणून येतात ती अशी: दादाजींची पोसण्याची ऐपत नाही, त्यांची प्रकृती बरी नाही, आणि ते ज्यांच्या आश्रयाने राहतात त्यांचं चारित्र्य ठीक नाही.

आता नवखा अभ्यासक म्हणतो, "म्हणजे कारण पैशाचं होतं!" थांबा. कैफियत हे मन मोकळं करण्याचं ठिकाण नसतं. कोर्ट जे ऐकून घेऊ शकतं तेवढंच वकील तिथे लिहितो. "मला हा माणूस नको" हे वाक्य त्या वेळच्या कायद्यात कुठल्याच खणात बसत नव्हतं. ऐपत, आजार, चारित्र्य हे खण तयार होते.

मग पिन्ही काय करतात ते बघा. ते दाव्याच्या नावावरच बोट ठेवतात. दावा होता वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. पण हे दोघं एकत्र राहिलेच नव्हते, मग 'पुनः' कुठून आलं? शिवाय हा उपायच मुळी इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. नको असलेल्या पुरुषाकडे तरुण मुलीला जबरदस्तीने पाठवणं त्यांना क्रूर वाटलं आणि त्यांनी ते निकालात लिहिलंही. अपिलात उलट भूमिका आली: विधी झाला की हिंदू लग्न पूर्ण होतं, एकत्र राहणं आवश्यक नाही.

गंमत लक्षात येतेय का? परंपरेचं रक्षण म्हणून जे मांडलं जात होतं, त्याचं हत्यार परदेशी होतं. तुरुंगाची धमकीही धर्मशास्त्रातली नव्हती, ती १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली होती. 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' ही चौकट इथे चालत नाही. प्रबंधात ही जोडी वापरण्याआधी दहादा विचार करा.

दुसरा पुरावा: 'एक हिंदू स्त्री'

कोर्टात ज्याला जागा नव्हती ते वर्तमानपत्रात आलं. टाइम्स ऑफ इंडियात 'अ हिंदू लेडी' या सहीने दोन पत्रं छापून आली, २६ जून आणि १९ सप्टेंबर १८८५ ला. पहिलं बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. तारखा पुन्हा बघा: दुसरं पत्र पिन्हींच्या निकालाच्या फक्त दोन दिवस आधीचं आहे. दावा चालू असताना प्रतिवादीच निनावी लिहीत होती.

या पत्रांत वाढत्या वयातली घुसमट थेट येते. शिकायची ओढ, अकराव्या वर्षी सुटलेली शाळा, चोरून केलेलं वाचन, नातेवाइकांचे टोमणे. बाईचं मन आणि शरीर दोन्ही बालविवाह कसा खुरटवतो याची मांडणी. वाचताना वाटतं, सापडला पुरावा!

पण इथेही तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

पहिला, लिहिणारीचं वय काय? वीस. ती अकराव्या वर्षाबद्दल लिहितेय. म्हणजे हा बालपणाचा पुरावा नाही, बालपणाच्या आठवणीचा आहे. मधल्या नऊ वर्षांत तिने वाचलेली पुस्तकं त्या आठवणीत मिसळलेली आहेत. पुरावा त्यामुळे बाद होत नाही, त्याचं नाव बदलतं, एवढंच.

दुसरा, वाचक कोण? पत्रं इंग्रजीत आहेत. वाचणारे इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले देशी लोक. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि वैधव्यावर टिपणं काढून हा विषय सरकारदरबारी नेला होता, वाद तापलेला होता. गुलामगिरी, हक्क, कायद्याने ठरवलेली लग्नाची वयोमर्यादा हे शब्द आणि मागण्या त्या वादातून येतात. घरी मराठी बोलणारी मुलगी आपली घुसमट कुठल्या भाषेत, कुणासाठी मांडतेय हे टिपून ठेवा.

तिसरा, सही निनावी का? भीती हे सोपं उत्तर. पण 'एक हिंदू स्त्री' म्हटल्यावर तक्रार एकटीची राहत नाही, सगळ्यांची होते. स्वतःचं नाव झाकून तिने आपला अनुभव मोठा केला.

तिसरा पुरावा: विरोधकांचा राग

टिळकांच्या 'मराठा'ने दादाजींची बाजू घेतली. दादाजींनी १८८७ मध्ये स्वतःची बाजू मांडणारी पुस्तिका काढली. त्यांचा रोख असा की मुलीला माहेरच्यांनी तिच्या मालमत्तेसाठी अडकवून ठेवलंय. म्हणजे दोन्ही बाजू 'मुलगी कोंडलेली आहे' असंच म्हणत होत्या! कोणी कोंडलंय यावर भांडण होतं. आणि "मीच ठरवलंय" हे बाईचं वाक्य अनेकांना खरंच वाटत नव्हतं. विरोधकांचं लिखाण टाळू नका. तिच्या निर्णयशक्तीवर इतका अविश्वास का, याचं उत्तर तिथेच मिळतं.

त्याच शहरात, परळला

आता एक पाऊल मागे घेऊ. ज्या १८८४ साली दावा दाखल झाला, त्याच सालच्या सप्टेंबरात परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार पंधरा तारखेच्या आत. गिरण्यांत मुलंही होती. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे सात वर्षांचं मूल नऊ तास राबलं तरी कायद्याला चालत होतं.

रखमाबाईंच्या प्रकरणानंतर वाद पेटत गेला. १८९० मध्ये बंगालमधल्या फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूने तो शिगेला पोचला आणि १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला: वय दहावरून बारा. त्याच १८९१ मध्ये कारखाने कायदा सुधारला: कामाला लागण्याचं किमान वय सातवरून नऊ.

हे दोन्ही कायदे एकाच पानावर लिहून बघा. एकाच वर्षी, एकाच सरकारच्या लेखी बालपण नवऱ्यासाठी बाराव्या वर्षी संपत होतं आणि गिरणीसाठी नवव्या. पहिल्यावर पुणे-मुंबईत रान उठलं, दुसऱ्यावर तेवढा गदारोळ नाही. परळ-लालबागच्या मुलीने टाइम्सला पत्र लिहिलं नाही, म्हणून तिला घुसमट नव्हती असं नाही. तिच्या वाट्याचं स्वातंत्र्य 'अर्धा तास' या मापात अर्जात नोंदलं गेलंय. १८९० मधल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन बायका बोलल्या, तीही अशीच नोंद. पत्र लिहू शकणाऱ्यांचाच इतिहास लिहायचा नसेल तर असे कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात.

दोन सापळे

पहिला सापळा: "राणी व्हिक्टोरियाने लग्न रद्द केलं." इंटरनेटवर हे ढिगाने मिळेल. प्रकरण मिटलं ते तडजोडीने. लग्न कायद्याने कायमच राहिलं. दादाजींनी दुसरं लग्न केलं, त्यांना मुभा होती. रखमाबाईंना नव्हती. आणि 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' हा किताबही जपून वापरा. आनंदीबाई जोशी आणि कादंबिनी गांगुली १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या होत्या, रखमाबाईंचं शिक्षण १८९४ मध्ये पूर्ण झालं. कामा हॉस्पिटलमध्ये थोडा काळ, मग सुरत आणि राजकोट इथे त्यांनी जी अनेक दशकं सेवा केली, ती 'पहिली'च्या बिरुदाशिवायही मोठी आहे.

दुसरा सापळा: सरळ रेषेची मुक्तिकथा. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर रखमाबाईंनी विधवेचा वेश घेतला, असं त्यांच्या चरित्रांत येतं. ज्या माणसाकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करला, त्याच्या नावाने पांढरं लुगडं? विद्यार्थी इथे अडखळतात आणि ही ओळ गाळून टाकतात. गाळू नका. लोकांची तोंडं बंद ठेवण्यासाठी असेल, रुग्ण बायकांचा विश्वास टिकावा म्हणून असेल, किंवा आपल्याला न सुचलेलं तिसरंच काही. आपल्या आवडत्या व्यक्तीने आपल्या सिद्धान्ताप्रमाणे वागावं ही अपेक्षा संशोधनात ठेवायची नाही. १९२९ मध्ये याच बाई पडदापद्धतीविरुद्ध लिहीत होत्या, हेही त्याच आयुष्यात आहे.

मग प्रश्न कसा मांडायचा?

"मुलींना घुसमट वाटत होती का?" हा प्रश्न सोडून द्या, त्याचं उत्तर 'हो' इतकंच येईल. "घुसमट सांगायला कुठली जागा उपलब्ध होती, आणि त्या जागेने काय सांगू दिलं नाही?" असं विचारा. कोर्टाने ऐपत ऐकली, नकार ऐकला नाही. वर्तमानपत्राने नकार ऐकला, पण इंग्रजीत आणि नावाशिवाय. कामगारांच्या अर्जाने तास मोजले, मुलींची नावं लिहिली नाहीत.

आणि हा विषय जुना झाला असं समजू नका. वैवाहिक हक्कांच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये गेली. पण तो उपाय स्वतंत्र भारताच्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून पुन्हा आला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. हिंदू विवाह कायदा झाला १९५५ च्या मे महिन्यात. रखमाबाई वारल्या त्याच वर्षी, २५ सप्टेंबरला, नव्वदाव्या वर्षी. ज्या दाव्याने त्यांची विशीची चार वर्षं खाल्ली, तो दावा कायद्याच्या पुस्तकात त्यांच्या डोळ्यांदेखत नव्याने छापला गेला.

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा ही तारीख समोर ठेवा. आणि आधी खंड ९ उघडा.