‘डॉर्सॅलिस’ : एका फुलकिड्याचे नामकरण आणि त्याची ओळख

१९१९ साली अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ जोसेफ डग्लस हुड (१८८९–१९६६) यांनी दक्षिण भारतातील काही नव्या फुलकिड्यांचे वर्णन करणारा लेख प्रसिद्ध केला. कोइमतूर येथे एरंड व मिरची या वनस्पतींवर सापडलेल्या, लांबीने जेमतेम एक मिलिमीटर भरणाऱ्या एका फिकट पिवळ्या कीटकास त्यांनी त्यात ‘स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस’ हे अभिधान दिले. जाती नवी ठरली याचा अर्थ कीटक नवा होता असा नव्हे. नवे होते ते वर्णन. एखाद्या जातीचे वर्णन करणे आणि तीच जाती पुन्हा भेटली असता ती ओळखणे ही दोन कार्ये सामान्यतः एकच मानली जातात. ती किती भिन्न आहेत, हे या नावाच्या पुढील शंभर वर्षांच्या इतिहासावरून दिसून येते.

प्रथम शब्दांविषयी. ‘थ्रिप्स’ हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ लाकूड पोखरणारा किडा असा आहे. १७४४ साली द येर यांनी या कीटकांसाठी ‘फायसॅपस’ असे नाव योजिले होते; परंतु १७५८ साली लिनीअस यांनी ‘थ्रिप्स’ हा शब्द स्वीकारला आणि तोच रूढ झाला. लाकडाशी या बहुतेक कीटकांचा काहीही संबंध नाही, हे नाव देताना कोणाला खटकले नसावे. शब्दातील अंत्य ‘स’ हा प्रकृतीचाच भाग आहे; इंग्रजी अनेकवचनाच्या भ्रमाने ‘थ्रिप’ असे एकवचन बनविणे चुकीचे होय. १८३६ साली हॅलिडे यांनी संपूर्ण गणास ‘थायसनॉप्टेरा’, म्हणजे झालरीसारखे पंख असलेले, हे नाव दिले, व ते मात्र यथार्थ आहे. ‘स्किर्टोथ्रिप्स’ या प्रजातीचे नाव शल यांचे (१९०९). त्याचे पूर्वपद उडी मारणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आले आहे. ‘डॉर्सॅलिस’ म्हणजे ‘पाठीचा’. मराठी ‘फुलकिडे’ हा शब्द वसतिस्थानावरून पडलेला दिसतो. पण प्रस्तुत कीटक फुलापेक्षा कोवळ्या पानांवर अधिक आढळतो.

असा कीटक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. तो क्षारद्रावणात ठेवून पारदर्शक करावा लागतो, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलातून नेऊन निर्जल करावा लागतो आणि कॅनडा बाल्सममध्ये काचपट्टीवर बसवावा लागतो. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिकेचे आठ खंड, त्यांपैकी तिसऱ्या व चौथ्या खंडांवरील दुभंगलेले संवेदन-शंकू, पूर्ववक्षावरील दाट आडव्या रेषा, उदरखंडांच्या अग्रकडेची तपकिरी रेघ व पाठीच्या मध्यावरील गडद ठसा ही लक्षणे तपासावयाची. ही सारी लक्षणे प्रौढाची आहेत. पानाचे नुकसान मात्र पिल्ले व प्रौढ दोघेही करतात, आणि पिल्लांवरून जाती ठरविणे अतिशय कठीण असते.

हुड यांचे नाव छापले गेल्यानंतरही हाच कीटक पुन्हा पुन्हा ‘नवा’ ठरत गेला. १९१९ मध्येच बॅग्नॉल यांनी त्यास ‘हेलिओथ्रिप्स मिन्युटिसिमस’ म्हटले. १९२५ मध्ये कार्नी यांनी ‘अनाफोथ्रिप्स अँड्री’. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात जिरॉल्ट यांनी स्ट्रॉबेरीवरून ‘निओफायसोपस फ्रॅगॅरी’. पुढे १९४२ साली रामकृष्ण अय्यर यांनी ‘पद्मी’ हे नाव योजिले. त्यात संस्कृत शब्दास लॅटिन स्त्रीलिंगी षष्ठीचा प्रत्यय लागला आहे. या पुनरावृत्तीचा दोष वर्णनकारांच्या आळसास देणे अन्यायाचे होईल. पहिली तीन नावे तीन निरनिराळ्या प्रजातींखाली नोंदली गेली होती. ‘स्किर्टोथ्रिप्स’च्या यादीत शोधणाऱ्यास ती सापडणेच शक्य नव्हते. सर्वांत जुने वैध नाव ग्राह्य धरावे या नियमानुसार आज ही सारी ‘डॉर्सॅलिस’ची पर्यायनामे मानली जातात. तसा निर्णय छापील शब्दांच्या तुलनेने होत नाही; त्यासाठी मूळ नमुनेच पाहावे लागतात. १९८१ साली माउंड व पामर यांनी या प्रजातीतील उपद्रवी जातींची ओळख, त्यांचा प्रसार व त्यांच्या आश्रय-वनस्पती यांचा एकत्र परामर्श घेतला, तेव्हा या क्षेत्रास बरीच शिस्त आली.

लोकभाषेतील नावांची रीत निराळीच आहे. जपानात हा ‘चहावरील पिवळा थ्रिप्स’, अमेरिकेत ‘मिरचीवरील थ्रिप्स’. महाराष्ट्रातील शेतकरी कीटकास नव्हे, तर त्याच्या परिणामास नाव देतो : ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’. शब्द अत्यंत चित्रदर्शी आहे, परंतु त्यात तीन कारणे एकत्र झाली आहेत. फुलकिड्यांमुळे मिरचीची पाने वरच्या बाजूस वळतात, कोळ्यांमुळे खालच्या बाजूस, आणि पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूमुळेही पाने आकसतात. फुलकिड्यांवरील औषध कोळ्यांवर बहुधा चालत नाही, आणि विषाणू झाडात शिरल्यावर तर कोणतीच फवारणी ते झाड बरे करू शकत नाही. चुकीच्या ओळखीची किंमत अशी फवारणीच्या खर्चात आणि गेलेल्या पिकात मोजावी लागते.

ज्या नावाखाली एवढे सारे एकवटले, तेही अखंड राहिले नाही. हा कीटक २००३ साली कॅरिबियन बेटांवर आढळला व २००५ मध्ये फ्लोरिडात स्थिरावला, तेव्हा तो नेमका कोणता, हा प्रश्न निकडीचा झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ‘डॉर्सॅलिस’ या नावाखाली बाह्यतः भिन्न न दिसणाऱ्या किमान नऊ जाती दडल्या असल्याचे दिसून आले. त्यांपैकी दूरवर पसरणाऱ्या एका गटास ‘दक्षिण आशिया–१’ अशी केवळ क्रमदर्शक संज्ञा देण्यात आली. हुड यांचे नाव यांपैकी ज्या जातीत कोइमतूरचे मूळ नमुने मोडतील तिच्याकडेच राहील. उरलेल्यांना नवी अभिधाने व नवी वर्णने लागतील, आणि ती केवळ शृंगिका व केस यांवर उभारता येणार नाहीत.

याच्या उलट प्रकारही मिरचीच्याच शेतात घडला. २०२१–२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीच्या फुलांत गडद रंगाचे फुलकिडे अपार संख्येने आढळले आणि पिकाची मोठी हानी झाली. येथे नव्या जातीचे वर्णन करण्याचे कारणच नव्हते. तो ‘थ्रिप्स पार्व्हिस्पायनस’ होता : कार्नी यांनी थायलंडमधील नमुन्यांवरून १९२२ मध्येच वर्णिलेला, आणि २०१५ साली बंगळूर येथे पपईवर भारतात प्रथम नोंदलेला. फुलातील गडद मादी ‘पार्व्हिस्पायनस’ची आणि कोवळ्या पानावरील फिकट मादी ‘डॉर्सॅलिस’ची, एवढा भेद शेताच्या बांधावर साध्या भिंगानेही दिसू शकतो, निश्चितीसाठी मात्र दोघींनाही काचपट्टीवरच यावे लागते.