खोरे, पेटा, तालुका : मुळशीच्या प्रशासकीय नावांचा विचार

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला मुळशी तालुका महसुली दप्तरात एक घटक असला, तरी त्याची जुनी नावे अनेक आहेत. शिवकालीन कागदपत्रांत या बाजूस पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, कोरबारसे मावळ असे विभाग आढळतात. पौड खोऱ्याची देशमुखी ढमाल्यांकडे, मुठे खोऱ्याची मारण्यांकडे, तर मोसे खोऱ्याची पासलकरांकडे होती. 'खोरे' म्हणजे एका नदीने कोरलेला, डोंगररांगांनी वेढलेला प्रदेश. जेथवरचे पाणी एका नदीस मिळे तेथवर एका देशमुखाचा अंमल, असे स्थूलमानाने म्हणता येते. हद्द दाखविण्यास डोंगराची धार पुरेशी होती.

इंग्रजी अमदानीत या प्रदेशाचा 'मुळशी पेटा' झाला. पेटा म्हणजे तालुक्याचा पोटविभाग; हा पेटा हवेली तालुक्याचा होता. 'हवेली' म्हणजे मुख्य ठाण्याभोवतालचा मुलूख. डोंगरातील खोरी अशा मुलखास जोडली जावीत, हे कागदावरच शक्य. 'तालुका' या अरबी शब्दाच्या मुळाशीही संबंध, ताबा हाच अर्थ आहे. खोऱ्याचे नाव भूमीवरून पडते, तालुक्याचे कचेरीशी असलेल्या नात्यावरून. मुळशीची कचेरी मात्र पौडास आहे.

हा भेद केवळ शब्दांचा राहिला नाही. टाटा कंपनीने नीला व मुळा या नद्यांवर धरण योजिले, तेव्हा 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट यांस 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. आंबेमोहोर पिकविणारी खाचरे मावळ्यांनी कसली, पण पुष्कळ जमिनींची मालकी पुण्यातील सावकारांकडे होती. त्यांतील अनेकांस मोबदला पुरेसा वाटला. कसणाऱ्यास तो पुरणारा नव्हता. लढ्याची फूट येथेच होती. 1924 पर्यंत तो मावळला, आणि 1927 मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली.

भिरा सह्याद्रीच्या पलीकडे, तेव्हाच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात. पूर्वेस पुण्याकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी डोंगर भेदून पश्चिमेस कुंडलिकेत उतरविण्यात आले. ज्या धारेने खोऱ्याची हद्द ठरे, ती पाण्याच्या दृष्टीने तेथे उरली नाही.

पूर्वेकडील हिंजवडी आता संगणक-उद्योगामुळे सर्वत्र परिचित आहे. ते मुळशीत मोडते, हे पुणेकरांसही सांगावे लागते. पश्चिमेकडील गावे मात्र आजही मुठा खोरे, मोसे खोरे याच नावांनी ओळखली जातात.